घरचं घरी : आधी कपाट लावा, मग रफू करा

भाईंदर पश्चिमेहून एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांच्या सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन येत्या मार्गशीर्षात आहे. त्यासाठी घरात दोन गोष्टी ठरल्या आहेत. एक, सासूबाईंच्या माहेरपासून पणतवंडांपर्यंतच्या सबंध आयुष्याचा शंभर फोटोंचा अल्बम. दुसरी, त्यांच्या लग्नातला एकुलता एक फोटो मोठा करून फ्रेममध्ये बसवायचा. हे कुटुंब 1984 साली गिरगावच्या चाळीतून भाईंदरला आलं. ट्रंकेतून आलेले काळे-पांढरे फोटो, नंतरचे चिकट पानांचे अल्बम, आणि आता पाच जणांच्या फोनमधले हजारो फोटो, असा सगळा पसारा आहे. लग्नाच्या फोटोला घडी पडून मधोमध चीर गेली आहे. 2005 च्या 26 जुलैला तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं, तेव्हापासून नवरीच्या खांद्यावर पिवळा डाग आहे.

पुतण्या म्हणतो, “काकू, फोटोशॉप घ्या, त्याशिवाय काही व्हायचं नाही.” लेक म्हणते, “आई, फोनमधलं गूगल फोटोज सगळं आपोआप करतं, कशाला डोक्याला ताप?” बाई विचारतात, कुणाचं ऐकू?

मीरा-भाईंदरमध्ये अशी घरं पुष्कळ असणार. गिरगाव, परळ, लालबाग सोडून माणसं इथे आली, आणि येताना फोटोंची पिशवी घेऊन आली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र. कपाटातल्या फोटोंना बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. म्हणून या पत्राला जरा सविस्तर उत्तर देते.

दोन कामं, दोन हत्यारं

साड्यांचं कपाट डोळ्यांसमोर आणा. शालू एका कप्प्यात, रोजच्या साड्या दुसऱ्यात, ब्लाउज वेगळे. कपाट नीट लावलं की हवी ती साडी अंधारातसुद्धा हाताला लागते. पण पैठणीला भोक पडलं, तर कपाट कितीही नीट लावा, भोक बुजत नाही. त्याला रफू करणारा लागतो. आणि रफू करणाऱ्याला ‘माझं कपाट लावून दे’ असं आपण कधी म्हणत नाही.

फोटोंचंही अगदी तसंच आहे. एका जातीचे प्रोग्राम कपाट लावणारे: गूगल फोटोज, डिजिकॅम, अडोबीचं लाइटरूम. हजारो फोटो तारखेनं, माणसानं, प्रसंगानं लावून ठेवणं हे त्यांचं काम. दुसऱ्या जातीचे प्रोग्राम रफू करणारे: 1990 साली आलेलं फोटोशॉप आणि 1996 पासून फुकट मिळणारं गिंप. एकच फोटो पुढ्यात घेऊन त्याचा कणन् कण बदलणं हे त्यांचं काम. तेव्हा लेक अल्बमविषयी बोलते आहे आणि पुतण्या लग्नाच्या फोटोविषयी. भांडण नाहीच मुळी.

कपाटवाले काय करतात

हे प्रोग्राम चेहरे ओळखतात. सासूबाईंच्या पाच-दहा फोटोंवर नाव सांगितलं की बाकीचे ते स्वतः शोधून पुढ्यात ठेवतात. अर्थात डोळे मिटून विश्वास टाकू नये. सख्ख्या बहिणींत त्यांची गल्लत होते, तान्हं बाळ आणि तेच मोठं झालेलं माणूस त्यांना वेगळं वाटतं, डोक्यावरून पदर घेतलेली बाई ओळखता येत नाही. तिथे आपण बसून सांगायचं.

शिवाय छोटी-मोठी डागडुजी तेही करतात. वाकडा फोटो सरळ करणं, कडा कापणं, काळोखी फोटो उजळणं, एखादा बारीक ठिपका पुसणं. आणि यात एक मोठी सोय आहे. लाइटरूमसारखे प्रोग्राम मूळ फोटोला हातच लावत नाहीत. ‘इतकं उजळ कर, इतकं काप’ एवढीच सूचना वहीत लिहून ठेवतात आणि दाखवताना ती पाळतात. चार वर्षांनी मन बदललं तर सूचना खोडली की मूळ फोटो जसाच्या तसा हजर. शंभर फोटोंच्या अल्बममधल्या बहुतेक फोटोंना एवढंच पुरेल.

रफूवाले काय करतात

आता लग्नाचा फोटो. चीर बुजवायची, डाग काढायचा, पण नवरीची नथ आणि मुंडावळ्या हलता कामा नयेत. इथे कपाटवाल्यांचं बळ अपुरं पडतं, कारण त्यांची बरीचशी हत्यारं सबंध फोटोवर किंवा मोठ्या भागावर चालतात. रफूवाल्यांकडे असतात थर. चिरोट्याचे पदर आठवा. सगळ्यात खालच्या पदरावर मूळ फोटो, त्यावर पारदर्शक पदर, आणि आपली सगळी दुरुस्ती या वरच्या पदरावर. बिघडलं तर तेवढा पदर काढून टाकायचा, खालचा फोटो शाबूत. फोटोशॉपमध्ये हे थर 1994 साली आले आणि त्या दिवसापासून अवघड कामाची भीती निम्मी गेली.

दोन फोटो एकत्र जोडायचे, फाटलेला कोपरा दुसऱ्या प्रतीवरून भरायचा, पाठीमागची गर्दी ठेवून एखादाच भाग उजळायचा, फोटोवर अक्षरं घालायची, यातलं काहीही करायचं असेल तर थरांचा प्रोग्रामच हवा. नियम सोपा आहे. पुष्कळ फोटोंवर थोडं काम असेल तर कपाटवाला. थोड्या फोटोंवर पुष्कळ काम असेल तर रफूवाला.

पैशाचं म्हणाल तर फोटोशॉपचं भाडं चालू ठेवावं लागतं. 2013 पासून अडोबीनं त्याच्या नव्या आवृत्त्या एकरकमी विकणं बंद केलं. वर्षातून चार फोटो दुरुस्त करणाऱ्या घरानं ते भाडं का भरावं? गिंप शिकायला थोडं किचकट आहे, पण या कामाला पुरून उरतं. कपाटासाठी डिजिकॅमही फुकटच आहे. चेहरे ओळखायचं काम ते आपल्याच कॉम्प्युटरवर करतं, फोटो बाहेर कुठे पाठवत नाही. आमच्या या भगिनीनं ही जोडी घ्यावी, असं मी सांगेन.

सगळ्यात आधी नावं

आता मुद्द्याचं सांगते. पत्रात बाईंनी सगळी काळजी चिरेची आणि डागाची केली आहे. चीर काय, आणखी दहा वर्षांनीही बुजवता येईल. पण त्या लग्नाच्या फोटोत नवरीच्या डाव्या हाताला उभी असलेली बाई कोण, हे घरात आज फक्त सासूबाईंना माहीत असणार. ते दहा वर्षांनी कोण सांगेल? म्हणून काम उलट्या क्रमानं करू नका. आधी नावं, मग निवड, रफू सगळ्यात शेवटी.

दुपारची जेवणं आटोपली की सासूबाईंच्या शेजारी बसा. एका बैठकीत वीस-पंचवीसच फोटो घ्या, जास्त नको. त्या थकतील आणि तुम्हीही. त्या बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा आणि नंतर सावकाश टाइप करा. ‘मावशी’, ‘वन्सं’, ‘धाकट्या जाऊबाई’ असं लिहून भागत नाही. कुणाची मावशी? पूर्ण नाव लिहा. आणि बायकांचं तर दोन्ही लिहा, माहेरचं आणि सासरचं. आपल्याकडे लग्नात आडनावच काय, पुष्कळदा पहिलं नावही बदलायचे. परकरातली ती मुलगी आणि शालूतली ही नवरी एकच, हे नातवंडांना कळायचं कसं? पुरुषांचं नाव घराण्याच्या वंशावळीत सापडतं. बाईचं माहेरचं नाव फोटोमागच्या एखाद्या पुसट अक्षरातच उरतं, तेही कुणी लिहिलं असेल तर. फोटोच्या पाठीवर काही लिहिलेलं दिसलं तर पाठीचाही फोटो काढा.

ही नावं कुठे साठतात, तेही बघायला हवं. पुष्कळ घरांत पूर्वी पिकासा नावाचा कपाटवाला होता, फार गुणी. गूगलनं तो 2004 साली घेतला आणि मार्च 2016 मध्ये बंद केला. फोटो कुठे गेले नाहीत, पण प्रोग्रामच्या स्वतःच्या वहीत लिहिलेली नावं ज्यांनी फोटोत उतरवली नव्हती, त्यांची पंचाईत झाली. गूगल फोटोजमध्ये चेहऱ्याला दिलेलं नावही फोटोच्या फाइलमध्ये शिरत नाही. डिजिकॅममध्ये माहिती फाइलमध्येच लिहायची सोय आहे. सेटिंगमध्ये ती चालू करून घ्या. मग प्रोग्राम बदलला, कॉम्प्युटर बदलला, तरी नाव फोटोबरोबर जातं. देवनागरीत लिहिलं तरी चालतं. डब्यावर चिठ्ठी चिकटवायची की चिठ्ठ्यांची वही वेगळी ठेवायची, एवढाच हा फरक आहे. वही हरवली की जिरं कुठलं आणि शहाजिरं कुठलं, हुंगत बसायचं.

काम कसं मांडावं

1. जुने फोटो स्कॅनरवर घ्या. फोननं काढलेल्या फोटोत चमक येते, कडा वाकतात. 4 बाय 6 इंचाचा फोटो 600 ठिपक्यांनी स्कॅन केला तर तो 8 बाय 12 इंचापर्यंत स्वच्छ छापता येतो. 12 बाय 18 ची फ्रेम हवी असेल तर 900 ठिपके लागतील. काचेवर ठेवण्याआधी मऊ ब्रशनं धूळ झटका. ओला फडका मुळीच नको.

2. काळा-पांढरा फोटोही रंगीतच स्कॅन करा. का ते पुढे सांगते.

3. महत्त्वाचे फोटो टिफमध्ये साठवा. जेपेग दर वेळी बदलून साठवला की थोडा थोडा झिजतो, जुन्या पातळासारखा. 4 बाय 6 चा 600 ठिपक्यांचा टिफ सुमारे 26 एमबीचा होतो. सगळेच फोटो असे ठेवायची गरज नाही.

4. सगळे फोटो एकाच मोठ्या फोल्डरात, आत वर्षावार फोल्डर. मग ते डिजिकॅमला दाखवा. पुढे फाइल हलवायची किंवा तिचं नाव बदलायचं असेल तर डिजिकॅममधूनच करा. बाहेरून हलवली की कपाट म्हणणार, ‘साडी इथे होती, आता नाही.’

5. नावं घाला. मग तारे द्या. पाच तारे म्हणजे अल्बममध्ये नक्की, तीन म्हणजे बघू. शंभरांवर आलात की थांबा.

6. त्यातले चार-पाच फोटोच रफूला काढा. दुरुस्त प्रत मूळ फोटोच्या शेजारी ठेवा आणि नावात ‘दुरुस्त’ लिहा. मूळ स्कॅन कधीही पुसायचं नाही.

नवरीच्या खांद्यावरचा डाग

रंगीत स्कॅन का, ते इथे कळेल. रंगीत फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन भागांचा असतो. पिवळा डाग निळ्या भागात काळाकुट्ट दिसतो, पण लाल भागात जवळजवळ दिसतच नाही. गिंपमध्ये हे तिन्ही भाग वेगळे करून पाहता येतात. लाल भाग तेवढा घ्या, तोच आपला काळा-पांढरा फोटो. निम्मा डाग हात न लावताच गेलेला असेल.

राहिलेल्या डागासाठी आणि चिरेसाठी वर एक रिकामा थर घ्या, फोटो पूर्ण आकारात मोठा करून पाहा आणि लहान ब्रशनं काम करा. डाग बुजवायचं हत्यार शेजारचा पोत उचलून तिथे बसवतं. शेजार जवळचाच निवडा. भिंतीवरची चीर भिंतीनं, शालूवरची शालूनं. एकदम मोठा फराटा मारू नका, टाका टाका घाला. थर शाबूत राहावेत म्हणून गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात साठवा आणि छपाईसाठी वेगळी प्रत काढा.

चीर डोळ्यावरून किंवा ओठावरून गेली असेल तर मात्र हात आवरा. डोळा अंदाजानं काढला की माणूस बदलतं. तिथे पुसटशी रेघ राहिली तरी चालेल. नाहीतर कसलेल्या स्टुडिओकडे द्या, पण एकुलता एक मूळ फोटो तिथे ठेवून येऊ नका. आपण केलेला स्कॅन पेन ड्राइव्हवर न्या आणि काम झाल्यावर थरांसकट फाइल मागून घ्या.

हल्ली एक बटण दाबलं की कृत्रिम बुद्धीचे प्रोग्राम जुना फोटो स्वच्छ करून, रंगवूनसुद्धा देतात. गंमत म्हणून बघायला हरकत नाही. पण ते यंत्र नाहीसा झालेला भाग आपल्या मनानं भरतं. चेहरा नितळ होतो, आणि नीट पाहिलं तर ती दुसरीच कुणी असते. शालू ते लाल करील, कारण नवरी म्हटलं की त्याला लाल ठाऊक. खरा हिरवा होता की जांभळा, हे सासूबाईंना विचारा. त्या सांगतील तो रंग फोटोच्या माहितीत लिहून ठेवा. फोटो काळा-पांढरा राहिला तरी रंग हरवणार नाही.

सासऱ्यांचा फोटो

पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे. सासरे 1998 साली गेले. उतारवयातला दोघांचा एकत्र फोटो नाही. सासूबाईंच्या आत्ताच्या फोटोशेजारी सासऱ्यांना बसवून, भर कार्यक्रमात फोटो उघडून त्यांना चकित करायचा मुलांचा बेत आहे.

जमेल का, म्हणाल तर जमेल. थरांचं काम आहे. दोघांवरचा उजेड एकाच बाजूनं येतोय ना, डोक्यांचा आकार जुळतोय ना, एवढं बघितलं की झालं. पण बाई, चकित करू नका. 27 वर्षांहून अधिक काळ त्या एकट्या आहेत. कधीही न काढलेला फोटो चार पाहुण्यांसमोर अचानक बघून त्यांना आनंद होईल की गलबलून येईल, हे तुमची मुलं कशी ठरवणार? आधी एकांतात विचारा. त्यांना आवडलं तर जरूर करा आणि फाइलच्या माहितीत ‘जोडलेला फोटो’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे पुढच्या पिढीची फसगत होणार नाही. त्या नको म्हणाल्या तर दोघांचे दोन वेगळे फोटो शेजारी शेजारी दोन फ्रेममध्ये लावा. तेही छान दिसतं.

आणि सगळं झालं की तीन प्रती करा. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक नणंदेच्या किंवा भावाच्या घरी, दुसऱ्या गावात. 2005 च्या त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. पाणी घरात शिरलं की ते अल्बम आणि कॉम्प्युटर असा भेद करत नाही.

थोडक्यात उत्तरं

*मीरा रोडच्या भगिनीस :* मुलीचा स्थळांसाठी काढलेला फोटो एडिटरमध्ये ‘जरा गोरा’ करून घेऊ का, असं विचारता. तांत्रिकदृष्ट्या दोन मिनिटांचं काम आहे; करू नका. फोटो काळोखी आला असेल तर उजेड जरूर वाढवा. सबंध फोटोचा उजेड वाढवणं वेगळं आणि फक्त चेहऱ्याचा रंग बदलणं वेगळं. पाहुणे घरी येतील तेव्हा दारात मुलगीच उभी राहणार आहे, फोटो नव्हे. शिवाय आईनं रंग बदललेला फोटो मुलगी बघते, तेव्हा तिला काय वाटतं, हेही एकदा मनाशी विचारा.

*उत्तनच्या भगिनीस :* वडिलांचा होडीवरचा फोटो अल्बमच्या चिकट पानाला धरला आहे. ओढू नका, वरचा थर सोलून निघेल. दात साफ करायचा बारीक दोरा मिळतो, तो फोटो आणि पान यांच्यामधून करवतीसारखा हलक्या हातानं फिरवा. जरा जरी अडला तर थांबा आणि पानासकट स्कॅन करा. सुटलेले फोटो कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. लॅमिनेशन तर मुळीच नको.

*काशीमिऱ्याच्या भगिनीस :* फोनमधली जागा भरली म्हणून गूगल फोटोजमधून फोटो पुसले, आणि ते सगळीकडूनच गेले, असं लिहिता. त्या ॲपमध्ये पुसलं की फोन आणि गूगल दोन्हीकडून जातं. आधी त्याची कचरापेटी उघडा. बॅकअप झालेला फोटो तिथे 60 दिवस असतो. फक्त फोनची जागा मोकळी करायला वेगळं बटण आहे, ते वापरा. आणि गूगलची अमर्याद फुकट जागा 1 जून 2021 पासून बंद झाली आहे. 15 जीबीत ईमेलसुद्धा मोजलं जातं, हे लक्षात असू द्या.

पुढच्या आठवड्यात : पावसाळ्यात कपाटातल्या रेशमी साड्या आणि जरीची काळजी.